परवाना टोपीत, बंदूक पोत्यात

हुपरीहून एका चांदी व्यावसायिकांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"मी ४६ वर्षांचा आहे. पैंजणांचा माल घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा कोल्हापूरला गुजरीत येतो. परतताना कधी रोकड असते. सात वर्षांपासून माझ्याकडे बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा रीतसर परवाना आहे. आजवर गोळी झाडायची वेळ आली नाही. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला घरी निघालो असताना एका नाक्यावर नाकाबंदी होती. हवालदारांनी मोपेड बाजूला घ्यायला लावली, लायसन्स मागितलं. ते काढायला मी कमरेच्या पाऊचची चेन उघडली. पाऊचमध्ये वर रिव्हॉल्व्हर, त्याच्याखाली परवान्याची वही आणि पाकीट. बॅटरीच्या उजेडात त्यांना मूठ दिसली आणि 'पिस्तूल, पिस्तूल' असा ओरडा झाला. दोघांनी मला गाडीवरून ओढलं, हात पिरगाळला. मी 'परवाना आहे, परवाना आहे' म्हणून ओरडतोय, पण ऐकतंय कोण? लोकांनी मोबाईल काढले. ठाण्यात दोन तास बसवलं, खात्री झाल्यावर हत्यार परत दिलं. वरचे साहेब चहा पाजून म्हणाले, होतं असं कधी कधी. गावात मात्र 'शेठला पिस्तुलासकट उचलला' असं झालं. माझं काय चुकलं? आपणहून सांगायचं असतं का? पुण्याचा भाचा अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतो, त्यात काय काय सांगतात. हवालदाराची तक्रार करू का? घरातून सांगतात, रिव्हॉल्व्हर विकून टाका."

शेठ, आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशेब राहील. मी एकतीस वर्षं खाकी घातली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि त्यातली बरीच वर्षं अशाच नाक्यांवर गेली. त्यामुळं माझं माप थोडं पोलिसांकडं झुकणार. ते धरून वाचा.

तुमचं काय चुकलं? कायद्यानं म्हणाल तर जवळपास काहीच नाही. परवाना होता, हत्यार झाकलेलं होतं, गाडी थांबवली, पळाला नाहीत. चूक झाली ती एका चेनची. लायसन्स, परवाना आणि रिव्हॉल्व्हर तुम्ही एकाच कप्प्यात ठेवलंत. म्हणजे हवालदार कागद मागणार आणि तुम्ही प्रामाणिकपणे कागद काढायला गेलात तरी तुमचा हात हत्याराकडं जाणार. तुमच्या मनात कागद आहे हे तुम्हाला माहीत. त्याला फक्त मूठ दिसते.

जरा पलीकडून बघा. रात्रीचे साडेदहा, सकाळपासून बंदोबस्त करून आलेला माणूस. हातात काठी आणि बॅटरी. शेजारी होमगार्डचं कोवळं पोरगं, त्याच्याकडं तर शिट्टीच. कमरेला हत्यार असलेला अधिकारी जीपजवळ, पंचवीस-तीस पावलांवर, वायरलेसवर बोलत. अमेरिकेतल्या व्हिडिओतला पोलीस घाबरला तर त्याचा हात स्वतःच्या पिस्तुलावर जातो. आमचा हवालदार घाबरला तर त्याच्याकडं जायला काहीच नसतं, मग तो तुमच्या अंगावर येतो. हात पिरगाळणं हेच त्याचं हत्यार. पहिल्या तीन सेकंदांत त्यानं केलं ते मीही केलं असतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या सेकंदानंतरचं मात्र वेगळं, त्यावर खाली येतो.

एक म्हातारा आठवतोय. पावसाळ्याचे दिवस, गगनबावड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर आम्ही उभे. एसटी चुकलेला एक शेतकरी दुधाच्या टेम्पोत मागं बसून आला. डोक्यावर गांधी टोपी, मांडीवर आडवं पोतं, लांबडं. आमच्यातला एक जण म्हणाला, "आबा, काठी हाय का पोत्यात?" म्हातारा हलला नाही. दोन्ही हात टेम्पोच्या फळीवर ठेवले आणि म्हणाला, "बंदूक हाय. ठासणीची. भरलेली न्हाई. परवाना टोपीत हाय, तुमीच काढा." आम्ही टोपी काढली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून परवाना, पीक राखणीचा. तारखा बरोबर, शिक्का बरोबर. पोतं आम्ही सोडून बघितलं तेवढंच. दोन मिनिटांत टेम्पो मार्गी लागला. रानडुकरं आणि गव्यांनी ऊस-भात तुडवलेला माणूस, शाळा कितवी झालेली कुणास ठाऊक. पण बंदूक मांडीवर आणि परवाना डोक्यावर, दोन्हींत जास्तीत जास्त जितकं अंतर ठेवता येईल तितकं त्यानं ठेवलं होतं. आणि काढायचं काम आमच्यावर सोपवलं होतं.

तुम्हाला टोपी घाला म्हणत नाही. रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेला असेल तर परवाना आणि गाडीचं लायसन्स शर्टाच्या डाव्या खिशात ठेवा. रेनकोटच्या दिवसांत वरच्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये. पाऊच, बॅग, डिकी यांत दोन्ही एकत्र कधीच नको. मोपेडच्या सीटखाली हत्यार ठेवणारेही मी बघितलेत. गुजरीत चहा प्यायला उतरलात की गाडी कुलुपात आणि हत्यार वाऱ्यावर, त्यामुळं तेही नको. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी लहान हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. नुसतं पँटीत खोचून वर शर्ट सोडायचा, ही आपल्याकडची रीत त्यात बसत नाही. आणि रीलवाल्या पोरांची तर गोष्टच सोडा.

आता आपणहून सांगायचं का? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १९ आहे. कोणाकडं हत्यार असेल तर पोलीस त्याच्याकडं परवाना मागू शकतो. दाखवला नाही, तर नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटली तर हत्यार ताब्यात घेऊ शकतो. न विचारता तुम्ही स्वतः सांगितलंच पाहिजे, असं त्या कलमात नाही. भाच्याच्या व्हिडिओत जे आहे ते तिकडचं. तिथं राज्यागणिक कायदा वेगळा. मिशिगनमध्ये थांबवल्याबरोबर लगेच सांगावं लागतं, काही राज्यांत विचारलं तरच.

तरी माझा सल्ला सांगण्याचाच. पण सांगायचं कसं, यात सगळं आहे. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात फिलांडो कॅस्टिल नावाच्या माणसाची गाडी थांबवली. ३२ वर्षांचा, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, पिस्तुलाचा रीतसर परवाना असलेला. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. त्यानं सभ्यपणानं सांगितलं की माझ्याकडं हत्यार आहे. पोलीस म्हणाला, हात लावू नकोस. तो म्हणत राहिला की काढत नाहीये, पण हात कशाकडं तरी चालला होता आणि काही सेकंदांत गोळ्या सुटल्या. तो गेला. पुढच्या वर्षी तो पोलीस खटल्यातून निर्दोष सुटला. मी त्या पोलिसाची बाजू घेत नाही, मुळीच नाही. मी एवढंच बघतो की 'पिस्तूल' हा शब्द उच्चारला गेला त्या घडीला हात मोकळे आणि स्थिर नव्हते. आपल्याकडं गोळी सुटत नाही, खांदा निखळतो. पण गणित तेच.

म्हणून हा क्रम. लांबूनच बॅरिकेड दिसलं की वेग कमी, दिवा डिपरवर. मोपेड स्टँडवर लावा, इंजिन बंद, दोन्ही हात हँडलवर. चारचाकी असेल तर आतला दिवा लावा, काच पूर्ण खाली, हात स्टिअरिंगवर. भाच्याचं हे बरोबर आहे, ते घ्या. हेल्मेट काढायची घाई नको, ते म्हणाले तर काढा. खिशाकडं हात न्यायच्या आधी बोला. आणि बोलताना पहिला शब्द 'परवाना' असू दे, 'पिस्तूल' नव्हे. रात्रीच्या वाऱ्यात, ट्रकच्या आवाजात माणसाला वाक्यातला एखादाच शब्द ऐकू येतो. तो कोणता असावा हे तुमच्या हातात आहे.

"साहेब, मी परवानाधारक आहे. रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेला आहे, हात लावत नाही. परवाना आणि लायसन्स डाव्या खिशात आहे. काढू का?"

बस्स, एवढीच चार वाक्यं. शेवटचं 'काढू का' सगळ्यात मोलाचं, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर देईपर्यंत दोघांचा श्वास खाली येतो. पोराला बॅटरी घेऊन अंगणात उभं करा आणि दोन-चारदा म्हणून बघा. हसतील घरचे. हसू दे. बॅटरी डोळ्यावर असताना माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, मी शेकड्यानं बघितलंय.

पुढं एखादा उत्साही हवालदार म्हणेल, काढा बघू बाहेर. तिथं गडबड करू नका. "काढतो साहेब, पण तुमच्या फौजदार साहेबांना बोलवा, त्यांच्यासमोर काढतो," म्हणा. यात उद्धटपणा नाही. भर रस्त्यात, चार बॅटऱ्यांच्या उजेडात गोळ्या काढून दाखवणं हा सगळ्यात धोक्याचा उद्योग. अधिकारी आले की ते सांगतील तसं करा. नळी जमिनीकडं, बोट चापापासून बाहेर, आणि करायच्या आधी काय करतोय ते तोंडानं बोला. ते म्हणाले आम्हीच काढून घेतो, तर हात वर करून उभे राहा. इथं मान-अपमान आड आणू नका.

कागदांचं थोडक्यात. गाडीची कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये दाखवली तरी चालतात. हत्याराच्या परवान्याला मात्र फोनवर विसंबू नका, मूळ वही जवळ हवी. नूतनीकरणाची तारीख, हत्याराचा नंबर आणि यूआयएन (म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक) ज्या पानांवर आहे तिथं खुणेची चिठ्ठी लावून ठेवा. हवालदार पावसात वही चाळत बसला की त्याचा संशय वाढत जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आधी तीन होता. त्यामुळं तारीख विसरायला होते, आणि संपलेल्या परवान्यावर फिरणं म्हणजे विनापरवाना फिरणंच. बरोबरची काडतुसं परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या आत असू देत.

तुम्ही हुपरीचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. तुमच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आज रात्री वाचा. नुसतं महाराष्ट्र असेल तर कागल सोडून कोगनोळीच्या नाक्यावर पोचलात की तुम्ही कर्नाटकात, आणि तिथं तुमचा परवाना चालत नाही. तुम्हाला निपाणी म्हणजे शेजारची गल्ली. मामाचं गाव, सोयरीक, उधारीची वसुली, सगळं तिकडं. पण कायद्याला ते परराज्य आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजारांचं काय घेऊन बसलात म्हणाल, पण खरी भीती परवाना रद्द होण्याची. आणि कर्नाटकातल्या नाक्यावर 'आमचे साहेब ओळखीचे आहेत' हे वाक्य कन्नडमध्ये फारसं चालत नाही.

दुसरं, जिल्ह्यात अधूनमधून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात. सण, आंदोलन, मोर्चे असले की निघतातच. पेपरात आतल्या पानावर चार ओळींत छापून येतं, ते वाचायची सवय लावा आणि त्या दिवसांत हत्यार बाहेर काढायच्या आधी ठाण्यात विचारा. निवडणूक लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली, तर जमा करा आणि पावती जपून ठेवा. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि तिथं तुमची फाईल आहे. त्या फाईलमध्ये काय जातंय याची काळजी नाक्यावरच्या हवालदारापेक्षा जास्त करा. लग्नात, वरातीत कुणी कितीही आग्रह केला तरी बार काढू नका. हौसेच्या अशा बेफिकीर गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. आणि तांबडा-पांढऱ्याच्या ताटाआधी घोटभर घ्यायचा बेत असेल तर त्या दिवशी हत्यार घरी. गाडीही घरी, खरं तर.

जाता जाता, कोल्हापूर हे नेमबाजांचंही गाव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच. स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं पदक आणलं तेव्हापासून रायफलीची लांब पेटी दिसली की नाक्यावरचे पोलीसही 'नेमबाज हाय काय?' म्हणून हसून विचारतात. त्या पोरांच्या आई-बापांनाही हाच सल्ला: परवाना, स्पर्धेचं पत्र, असोसिएशनचं कार्ड वेगळ्या फाईलमध्ये पुढच्या सीटवर. पेटी उघडायची ती पोलिसांनी सांगितल्यावरच.

आता तुमचा दुखरा भाग. तुम्ही 'परवाना आहे' म्हणून ओरडत होतात, आणि तरी दोन तास गेले. हत्यार हातातून सुटल्यावर, तुम्ही खाली बसल्यावर, कुणीतरी वही उघडून बघायला पाहिजे होती. ते झालं नाही ही त्यांची चूक. परवाना दाखवल्यावर आणि त्यात खोट नसल्यावर हत्यार जप्त करायला कलम १९ जागा देत नाही. पडताळणीसाठी ठाण्यात नेलं, तेवढं समजू शकतो, रात्री कार्यालयं बंद असतात. पण ताब्यात घेतलेल्या हत्याराची आणि काडतुसांची नंबरासकट नोंद स्टेशन डायरीत व्हायला हवी होती आणि तुम्हाला लेखी काहीतरी मिळायला हवं होतं. मिळालं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल मिळालं तर पुढच्या वेळी ठाणे अंमलदाराकडं शांतपणे मागा: "साहेब, नंबर लिहून घ्या, मलाही एक प्रत द्या." परत घेताना गोळ्या मोजून घ्या. एक जरी कमी भरली तरी पुढच्या तपासणीत हिशेब तुम्हाला द्यावा लागेल, त्यांना नाही.

तक्रार करावी का? हात पिरगाळल्याबद्दल करू नका, माझ्या मते टिकणार नाही, आणि त्या हवालदाराच्या जागी मी होतो हे वर सांगितलंच. दोन तास, नोंद नसणं आणि व्हिडिओ थांबवायला कुणी पुढं न येणं, याबद्दल जिल्हा पोलीस अधीक्षकांना साध्या भाषेत एक पानाचा अर्ज द्या. तारीख, वेळ, परवाना क्रमांक, किती वाजता नेलं, किती वाजता सोडलं. विशेषणं नकोत. पोच घ्या. गंभीर मारहाण झाली असती तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडं जा म्हटलं असतं, तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. आणि त्याच अर्जात एक ओळ घाला की मला माझ्या परवान्याची पडताळणी झाल्याचं लेखी पत्र मिळावं. ते पत्र गावात चारचौघांना दाखवायला बरं. 'उचलला' म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानं जरा तरी बंद होतील.

विकायचं का? घरच्यांचा प्रश्न मला तुमच्यापेक्षा शहाणा वाटला. सात वर्षांत एकदाही लागलं नाही म्हणता. रोकड कमी झाली, निम्मे व्यवहार बँकेतून होतात, हेही तुम्हीच पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय. मग आठवड्यातून तीनदा कमरेला बांधून फिरण्यात संरक्षण किती आणि सवय किती, हे तुम्हीच ठरवा. ठेवणार असाल तर रोकड असेल त्याच दिवशी बरोबर घ्या, रोज नको. सोडणार असाल तर कुणाला परस्पर विकू नका, मित्राला तर नाहीच. आधी परवाना शाखेत अर्ज, मग परवानाधारक विक्रेत्याकडं किंवा ठाण्यात जमा, आणि सगळ्याची पावती.

अधीक्षक कार्यालयात अर्ज द्यायला जाल त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरीच ठेवा. गेटवर पुन्हा तपासणी होते, आणि पाऊच तोच असणार तुमचा.